बाकावरची मोटारसायकल

(पोरांनो, जरा डोळ्यांपुढं आणून पाहा. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर, दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार. नागपुरात रामदासपेठेत एका सरकारी कार्यालयाचं मागचं आवार. उन्हात एक लाकडी बाक, आणि त्या बाकावर घोड्यावर बसावं तसे बसलेले विश्वनाथ. पुढ्यात छडी घेऊन उभे महादेवराव मास्तर. नवशिक्यांना मोटारसायकल सुरक्षितपणे कशी चालवावी, हे शिकवणारे. कडुनिंबाच्या सावलीत विश्वनाथांची दहा वर्षांची नीला. कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक मोटारसायकल. आजचा दिवस सहावा, म्हणजे शेवटचा. दिसलं सगळं? आता फक्त कान द्या.)

महादेवराव: थांबा, थांबा! वळण्याआधी काय केलं?

विश्वनाथ: हात दाखवला.

महादेवराव: कोणता?

विश्वनाथ: उजवा.

महादेवराव: आणि वळलात कुठं?

विश्वनाथ: मास्तर, मी बाकावर बसून राहिलो. वळू कुठं?

महादेवराव: मनातल्या मनात वळायचं. सुरक्षितता मनातच सुरू होते. नियम चौदा म्हणा.

विश्वनाथ: "चालकाने वळणापूर्वी वेग कमी करावा, इच्छित दिशेस हस्तसंकेत करावा, व मागील वाहनाने तो पाहिला असे गृहीत धरू नये."

महादेवराव: शाबास! एक शब्द चुकला नाही.

नीला: मास्तर, बाबांनी हात दाखवला तेव्हा हँडल कोणी धरलं?

महादेवराव: बाकाला हँडल नसतं, पोरी. मधे बोलू नको.

नीला: मोटारसायकलले असते ना पण?

महादेवराव: मोटारसायकल हा पुढचा भाग.

नीला: आज तर शेवटचा दिवस आहे.

विश्वनाथ: नीले, गप बस ना वं जरा. हिच्या आईले फराळाची धांदल आहे मास्तर, म्हणून आणली सोबत. घरी असली की कढईत डोकं घालते.

महादेवराव: असू दे. मुलांनी विचारावं. हं, विचार.

नीला: ती टोपी बाबांनी काहून नाही घातली? सहा दिवस टेबलावरच ठेवून आहे.

महादेवराव: शिरस्त्राण म्हणावं. ते नोंदवहीत आहे, नग एक. डोक्यात घातलं आणि त्याला ओरखडा पडला, तर जबाब मी द्यायचा.

नीला: अन् डोक्याले ओरखडा पडला तर?

महादेवराव: डोकं नोंदवहीत नाही. ज्याचं त्याचं असतं.

विश्वनाथ: मास्तर म्हणतात ते बरोबर आहे.

महादेवराव: हे बघ पोरी, अकरा वर्षं हा वर्ग मी घेतो. त्र्याऐंशी उमेदवार पास केले. अपघात किती? शून्य. ही अपघाताची वही पाहा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरी. साऱ्या विदर्भात अशी वही कोणाजवळ नाही.

नीला: ते त्र्याऐंशी जण आता चालवतात?

महादेवराव: ते मला कसं कळणार? माझ्याकडं अपघाताची वही आहे. चालवण्याची वही नाही.

विश्वनाथ: मास्तर, बाराचा भोंगा झाला. तो कागद...

महादेवराव: हो, हो. घ्या. सही, शिक्का, तारीख. उमेदवार क्रमांक चौऱ्याऐंशी, उत्तीर्ण. अभिनंदन, विश्वनाथराव!

विश्वनाथ: लय उपकार झाले. उतरू का आता बाकावरून?

महादेवराव: डावीकडून उतरा. नियम दोन.

नीला: पाहू मी? "उमेदवाराने वाहन प्रत्यक्ष चालवून दाखविले. होय." बाबा, तुम्ही कधी दाखवलं?

महादेवराव: तो रकाना आहे, पोरी. रकाना रिकामा ठेवता येत नाही.

नीला: मग "नाही" लिहा.

महादेवराव: "नाही" लिहिलं की कारण लिहावं लागतं. आणि कारणासाठी रकानाच दिलेला नाही.

विश्वनाथ: चाल नीले, लय झाले प्रश्न. मास्तर, किल्ली?

महादेवराव: ही घ्या. ताडपत्री घडी करून इथंच ठेवा, तीही नोंदवहीत आहे. गाडी उत्तम आहे. अनंत मिस्त्री दर शनिवारी येऊन सुरू करतो आणि बंद करतो. सुरू होते आणि बंद होते, हे खात्रीचं.

नीला: बाबा, आता तुम्ही रोज घरी येणार ना?

विश्वनाथ: हं? हाव, हाव.

महादेवराव: म्हणजे? आता घरी येत नाहीत का?

नीला: हा आठवडा वर्गासाठी रजा आहे, नाही तर फक्त शनिवारी येतात. यांची नोकरी कळमेश्वरले आहे, संत्र्याच्या झाडांवरची कीड पाहायची. बागा पाहून परत येतपर्यंत सहा वाजतात, अन् शेवटची एसटी साडेपाचलेच जाते. म्हणून तिथंच खोली केली. साहेब म्हणाले, मास्तरांचा कागद आणा अन् मोटारसायकल घेऊन जा. मग बाबा रोज रात्री आमच्यासंग जेवतील. मी पाटही धुऊन ठेवला यांचा.

महादेवराव: वा! बघा, सुरक्षिततेचे फायदे कुठवर पोचतात.

नीला: बसा ना बाबा. हातानं काहून ढकलून राहिले?

विश्वनाथ: इथं आवारात नको. माणसं आहेत.

नीला: कुठं आहेत? आपण तिघंच तर आहो.

विश्वनाथ: मग, ऊन लय आहे.

नीला: बाबा, तुम्हाले येते का?

विश्वनाथ: कागद आहे ना वं!

नीला: कागदाचं नाही विचारलं मी.

विश्वनाथ: हळू बोल. मास्तर ऐकतील. हे पाहा नीले, कागद साहेबाले दाखवतो. गाडी ट्रकमधे टाकून कळमेश्वरच्या हापिसात नेतो, अन् झाकून ठेवतो. खोली आहेच माही तिथं.

नीला: म्हणजे घरी नाही येणार.

विश्वनाथ: शनिवारी येईन ना. एसटीनं.

नीला: मग सहा दिवस काय शिकले तुम्ही?

विश्वनाथ: बत्तीस नियम. बाई, त्या रस्त्यानं संत्र्याचे ट्रक कसे जातात, तू पाहिलं नाही. मी पाहिलं आहे. सायकलवर होतो तेव्हा एकदा नालीत उतरलो, अन् दहा मिनिटं वर आलो नाही. एवढं मोठं धूड मले आवरणार नाही. आईले सांगू नको.

नीला: मास्तर! हा तुमचा कागद वापस घ्या.

महादेवराव: वापस? का? शिक्का पुसट उठला का?

नीला: बाबा नापास आहेत.

महादेवराव: काय बोलते ही पोरगी? अकरा वर्षांत माझ्या वर्गात नापास कोणी झालं नाही!

नीला: यांना येतच नाही चालवता. त्यांनीच सांगितलं मले.

विश्वनाथ: नीले! साऱ्या नागपुरात सांगून ये आता.

महादेवराव: एक तरी नापास लिहिला, तर साहेब विचारतील, बाकीचे त्र्याऐंशी कसे पास झाले? नाही, नाही, हे जमणार नाही.

नीला: मग चालवू द्या यांना.

महादेवराव: चालवू देऊ? आणि पडले तर? माझी वही?

नीला: दोन्हीतलं एक सांगा. नापास लिहिता, का चालवू देता?

महादेवराव: विश्वनाथराव, तुमच्या घरात हिच्याशी कोण बोलतं हो?

विश्वनाथ: बोलते तीच. आम्ही ऐकून राहतो.

महादेवराव: बरं. पण इंजिन बंद ठेवून. तुम्ही नुसतं बसा, आम्ही मागून ढकलतो. तोल सांभाळायचा आणि त्या गुलमोहराजवळ थांबायचं. बस. त्याच्यापुढं एक हात नाही.

विश्वनाथ: नका ना मास्तर.

नीला: बाबा, बसा.

विश्वनाथ: बसलो. आता?

महादेवराव: आता समोर पाहा. पोरी, ढकल!

नीला: मी ढकलून राहिली. तुम्ही फक्त हात लावून राहिले.

महादेवराव: सत्तावन्न वर्षांचा आहे मी. हां, निघाली! विश्वनाथराव, तोल! छान, छान! आता थांबा. थांबा म्हटलं ना!

विश्वनाथ: दाबला! ब्रेक दाबला! नाही थांबून राहिली!

महादेवराव: अहो उतार आहे! पाय दाबा, पाय! काहून हात दाबता गा?

नीला: बाबा, कुंपण!

महादेवराव: गेला गा, गेला! मेंदीत घुसला! देवा, माही वही!

नीला: बाबा! लागलं का?

विश्वनाथ: थांब, पाहू दे. नाही. कोपराले खरचटलं थोडं.

नीला: मग हसून काहून राहिले?

विश्वनाथ: अवं, पडलो ना मी! सहा महिन्यांपासून भेव होतं की पडीन, पडीन. पडलो. अन् हे पाहा, उभा आहे. मास्तर, डाव्या हातानं थांबत नाही हो ही गाडी!

महादेवराव: डाव्या हाताला क्लच असतो. तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. नियम नऊ.

विश्वनाथ: तुम्ही मले सांगितलं होतं. हाताले कोणी सांगितलं नव्हतं. सायकलचा उजवा ब्रेक कधीचाच गेला माहा. वीस वर्षं डाव्यानंच थांबून राहिलो.

महादेवराव: हाताला... हे पुस्तकात नाही. विश्वनाथराव, हे मी कोणाला सांगितलंच नाही हो. जे सायकलवरून आले, ते सारेच डाव्यानं थांबायला गेले असतील. त्र्याऐंशी जण.

नीला: वही लिहायची ना, मास्तर?

महादेवराव: लिहायची. कशी लिहितात तेही विसरलो बघ. "अपघात क्रमांक एक." जखमी किती?

नीला: बाबांचं कोपर एक. मेंदीचं झाड एक.

महादेवराव: झाड नोंदवहीत आहे की नाही, पाहावं लागेल. जाऊ दे. पोरी, टेबलावरचं ते शिरस्त्राण आण.

विश्वनाथ: ओरखडा पडन ना, मास्तर.

महादेवराव: पडू दे. घाला आणि पट्टा बांधा. गाडी बाहेर ओढा. आता डावा हात दाबून धरा, सोडू नका. किक मारा.

विश्वनाथ: अजून चालवायची?

महादेवराव: तुम्हाला नाही, तुमच्या हाताला शिकवायचं आहे. मारा किक. हां! आता पहिला गिअर. डावा हात हळू सोडा. दुधाची साय काढतो ना, तसा हळू.

विश्वनाथ: बंद पडली.

महादेवराव: पुन्हा.

विश्वनाथ: बंद पडली गा!

महादेवराव: पडू दे. आम्हाला कुठं जायचं आहे? पुन्हा.

नीला: चालली! बाबा चालले! मास्तर, तुम्ही काहून धावून राहिले?

महादेवराव: पाय! विश्वनाथराव, पायाचा ब्रेक! अस्सं! थांबली! अवं पोरी, थांबली ना गाडी! पाहिलं तू?

नीला: पाहिलं. धोतर सांभाळा मास्तर, कासोटा सुटला तुमचा.

विश्वनाथ: अजून एक चक्कर मारतो.

महादेवराव: मारा. दहा मारा!

नीला: बावीस झाल्या, मास्तर.

महादेवराव: मोजल्या तू? बावीस चकरा, पडले फक्त एकदा. अकरा वर्षांत मी कोणाला असं शिकवलं नाही. या विश्वनाथराव, या इकडं. तो जुना कागद फाडला. आता हा नवा मी छाती ठोकून देतो. "प्रत्यक्ष चालवून दाखविले." होय!

विश्वनाथ: मग सोमवारी सकाळी गाडीनंच जातो कळमेश्वरले, अन् रात्री घरी. ऐकलं का, नीले? माही थाळी मांडून ठेव.

महादेवराव: माझा पेन कुठं गेला?

नीला: माझ्याजवळ आहे.

महादेवराव: दे बरं, सही राहिली.

नीला: नाही. डावीकडं वळताना बाबा अजून पाय टेकवतात. अन् ट्रकाचा भोंगा वाजला रस्त्यावर, तेव्हा डोळेच मिटले यांनी.

विश्वनाथ: एकदाच मिटले वं!

नीला: पुढच्या शनिवारी अजून शिकवा, मास्तर. एक आठवड्याची मुदत देता येते का?

महादेवराव: मुदतवाढ? मागता येते. कोणी मागितली नव्हती इतकंच. गाडी राहील इथंच. पण मग पुढचा आठवडा तुझे बाबा एसटीनं जातील, आणि तिथंच राहतील. तुला तर ते रोज रात्री घरी पाहिजेत ना?

नीला: म्हणूनच तर.