कार्डच दिसत नाही

नाही हो, तसं नाही, वायर लावली की इंटरनेट चालतं — पण वायर पोचते हॉलपुरती, आणि लेकीला बघायची असते आई, ती आतल्या खोलीत पलंगावर — म्हणून तर लेकीनं परस्पर तुम्हाला फोन केला ना, की दादा, जरा खाली जाऊन बाबांचं वायरलेस बघा — आणि तुम्ही आलात, सुट्टी मोडून. मला लाज वाटते. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेला माणूस मी, हौसेनं लॅपटॉपवरची जुनी सिस्टिम पुसली, ही मुक्त, फुकट मिळणारी घातली, आणि हिच्यापुढे रडकुंडीला आलो. वायरलेसचं कार्ड चालवायला लागतो तो प्रोग्रॅम, ड्रायव्हर — तो उतरवायला इंटरनेट हवं, इंटरनेटला ड्रायव्हर हवा! आमची ही म्हणायची — म्हणजे बोलत होती तेव्हा — "एवढा ड्रायव्हर मिळत नाही तर गाडी विकून टाका." शेवटी वायरीवरून उतरवला, कमांड टाइप केल्या, एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून — आणि एकदाचं लागलं —

लागलं म्हणजे... लागल्यासारखं झालं. थोडा वेळ. मी तसाच लॅपटॉप उचलून आत नेला, म्हटलं आधी कॅमेरा तपासू, लेकीला मग लावू. तर पडद्यावर हिला स्वतःचंच तोंड दिसलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून आरसा दाखवलाच नव्हता मी — सुचलं नाही, की सुचलं होतं, कोण जाणे. ओठ एका बाजूला ओघळलेला. तिनं मान भिंतीकडे फिरवली ती फिरवलीच. लेकीला मी एवढंच सांगितलंय, थोडा अशक्तपणा आहे. तिचे दिवस भरत आलेत हो, ती धावत यायला निघेल —

ते जाऊ दे. तुम्ही काय बघताय? वायरलेसचं कार्डच दिसत नाही ना? मलाही तेच दिसतं, म्हणजे दिसत नाही. गेलं असणार, जुनं मशीन. नका, बंद करून पुन्हा चालू नका करू — तो मशीनच्या मूळ सेटिंगचा निळा पडदा कशाला? तिथूनच वायरलेस बंद केलेलं असू शकतं? असेल, हात लागला असेल माझा, हल्ली बोटं थरथरतात —

पासवर्ड? तिथे पासवर्ड... हो, विचारणारच. तो — वायरलेस बंद करून तो मीच घातलाय.

अहो, असे बघू नका माझ्याकडे. हिनंच मान हलवून नको म्हटलं, माझ्या मनचं नाही हे. की मला तसं वाटलं? तिची मान आता अशीही हलते... चुकतोय का मी? नको, सांगू नका. लेकीला म्हणावं, कार्ड जळलंय. या तुम्ही आता. दार मी लावून घेतो.