अठ्ठावन्न इंची कोट

मावशी : हलू नकोस. या कोटात तू, मी आणि तुझे काका, तिघं आरामात मावू.

भाची : मावशी, अकराला माझी तोंडी परीक्षा आहे! पाच वर्षं खपून प्रबंध लिहिला, आणि आता तंबू घालून उभी राहू?

मावशी : तूच कळवलंस, छाती अठ्ठावन्न, कंबर अठ्ठावन्न. बत्तीस वर्षं कोट शिवतेय, असलं माप पहिल्यांदा बघितलं. म्हटलं, अभ्यासानं सुजली असेल पोरगी. कुठला टेप वापरलास?

भाची : टेप नव्हता. वजनावरून काढलं.

मावशी : वजनावरून?

भाची : पंचावन्न किलो. मग स्वतःला गोल धरलं, चेंडूसारखं. गणित सोपं जातं.

मावशी : आणि हात?

भाची : हात सोडून दिले.

मावशी : तरीच बाह्यांचं माप नव्हतं! मी आपल्या नजरेनं बेतल्या, तेवढ्याच बसल्यात. थांब, टाचण्या लावते. प्रबंधातही असेच दिवे लावलेस का गं?

भाची : आमच्याकडे याहून मोठा घोळ आहे. रिकाम्या जागेतही ऊर्जा असते. ती सिद्धांतानं काढली, तर मोजल्यापेक्षा कितीतरी पट जास्त येते. एकावर एकशेवीस शून्यं!

मावशी : आणि कुणाची नोकरी गेली नाही?

भाची : उलट त्यावरच मिळतात.

मावशी : धन्य! मग तू काय केलंस?

भाची : मी म्हणते, ऊर्जा असू दे तेवढी. गुरुत्वाकर्षणाला ती जाणवतच नाही.

मावशी : म्हणजे तुझे काका. मी दिवसभर ओरडते, हे ढिम्म.

भाची : अगदी तस्संच!

मावशी : पण 'जेवायला चला' तेवढं बरोबर ऐकू येतं हो त्यांना. तुझ्या गुरुत्वाकर्षणाला काहीच ऐकू येत नाही?

भाची : येतं ना, अगदी जरासं. त्यानंच तर विश्व वाढत्या वेगानं पसरतंय.

मावशी : मग तेवढंच का?

भाची : झालं! हाच प्रश्न विचारणार परीक्षक. तुला दोन मिनिटांत सुचला, त्यांना सुचणारच.

मावशी : मग सांग उत्तर.

भाची : नाहीये गं माझ्याकडे. सर म्हणाले, काहीतरी ठोकून दे.

मावशी : ठोकून दिलेलं कसं दिसतं, ते आरशात बघ. सरळ म्हणायचं, 'माहीत नाही.' म्हण बघू.

भाची : (पुटपुटत) माहीत नाही.

मावशी : मान वर करून म्हण. खाली घातलीस की कॉलर चुरगळते.