प्रोफे देओलिंदांचा तीनचा वर्ग

हॅलो?… हॅलो, कोण?… प्रोफे देओलिंदा? अहो, तुमचाच फोन येणार म्हणून ताट घेऊन टेबलाशीच बसलेय. बोला… हो, निमियाच बोलतेय, कॉलेजातून. या वेळेला दुसरं कोण असणार, अख्खं पिलार गाव दुपारचं झोपलंय.

…काय दिसतं म्हणता?… पंखा? बरोबर, मलाही इथे माझ्या पडद्यावर तुमच्या छताचा पंखाच दिसतोय. लॅपटॉपचं झाकण फार मागे पडलंय. उचला… अजून… अजून थोडं… हां, मारियामातेची तसबीर आली… आता तुमची हनुवटी आली. बास, तिथेच. हात काढा आता… नाही पडत. काढा तर खरं… बघा, जमलं की नाही?

…अय्या, मोत्याचे डूल घातलेत? आणि लिपस्टिक पण?… नाही हो, हसत नाहीये. छान दिसताय. वर्गात कधी नटून आला नाहीत एवढ्या.

…काय?… नाही, नाही, तुम्ही आजारी आहात असं काही सांगणार नाहीये मी फ्रेतेस साहेबांना… अहो प्रोफे, ऐका ना. ऐका तर. संचालक आहेत ते, सकाळी काय म्हणाले ते मी तुम्हाला सांगितलंय. आज तीनच्या वर्गात ते स्वतः बसणार. वर्ग नीट झाला तर तुमचा औषधी वनस्पतींचा विषय चालू. नाही झाला तर या सत्रापुरता बंद. आणि विषय बंद म्हणजे नदीपलीकडच्या एकोणीस पोरांचं वर्ष बुडालं. पूर ओसरायला दीड महिना लागेल, तोवर ती काय पोहत येणार आहेत तुमच्याकडे?

…हो… हो, मान्य. अडतीस वर्षं तुम्ही पान हातात देऊन शिकवलंत. चुरगळायला लावलंत, हुंगायला लावलंत… आणि वास काही यातून जात नाही, तेही मान्य. त्याचं बटण अजून निघालेलं नाही.

…मला काय माहीत म्हणजे? या कॉलेजातल्या तेवीस प्राध्यापकांना मी शिकवलंय हे यंत्र. ते गणिताचे बेनितेस सर तीन दिवस माऊस हवेत धरून फिरवत होते, टीव्हीच्या रिमोटसारखा. आज त्यांची गणितं पोरांना घरी बसून दिसतात. आणि तुम्ही तर त्यांच्यापेक्षा कितीतरी हुशार… खुशामत कसली? खुशामत करायला तुम्ही मला पास केलंयत का कधी?… आठवतंय हो. शंभरात बावीस. कोकूच्या झाडाचं साधं पान ओळखता आलं नाही मला. वीस वर्षं झाली त्याला, आता कशाला उकरून काढताय.

किती वाजले?… दहा मिनिटं आहेत. हे बघा, फोन ठेवू नका. तेरेरेच्या थर्मासला टेकवून उभा करा, आवाज कमी करा. मी इथून वर्ग बघत राहीन आणि अडलं की हळूच सांगेन… हो, तेरेरे प्या की खुशाल. वर्गात पिताच ना. गार पाण्यात काय कुटून घातलंय आज?… पुदिना? वा. मला इथे नुसतं बाटलीतलं पाणी.

आता निळं चौकोनी बटण दिसतंय? "वर्ग सुरू करा" लिहिलेलं… चष्मा लावा… चष्मा डोक्यावर आहे, प्रोफे, मला दिसतोय इथून.

दाबा… दाबलंत? एकदाच दाबायचं. दोनदा नको, आपली लिफ्ट नाहीये ती… आलं. आलं बघा.

येतायत पोरं… एक… चार… सात… अहो, टेकाडावरच्या शाळेत ज्यांना हलवलंय ना, ती सहाजणं एकाच फोनपुढे बसलीत. दाटीवाटीनं. लिझ रोसाना हात हलवतेय… आणि हा देर्लिस. बघा कुठे बसलाय, होडीत. घरी रेंज नाही म्हणून नदीत येऊन बसलाय वेडा… सतरा… अठरा… ही सुनिल्दा. एकोणीस. सगळी आली, प्रोफे. एक चुकलं नाही. आणि हे फ्रेतेस साहेब, टाय लावून. चला, करा सुरू. मी गप्प.

…

…

प्रोफे. हळू बोलतेय मी, इकडे बघू नका. तुम्ही कागदावरून वाचताय… माझ्याशी बोलू नका, सगळ्यांना ऐकू जातंय. नुसती मान हलवा. स्पॅनिशमध्ये का वाचताय? अडतीस वर्षांत या विषयाचं एक वाक्य स्पॅनिशमध्ये बोलला नाहीत कधी… अहो, मान हलवा म्हटलं, बोलू नका… रेकॉर्ड होतंय म्हणून? असू दे की. कचेरीच्या कागदाची भाषा कचेरीला. तुम्ही आपल्या ग्वारानीत बोला, जशा वर्गात बोलता तशा.

आणि सगळ्यांचे आवाज कुणी बंद केले?… तुम्ही? सरावाच्या दिवशी कोंबडा आरवला म्हणून? तरीच. पोरं अर्धा तास तोंडं हलवतायत आणि तुम्हाला वाटतंय त्यांना काही येत नाही. फ्रेतेस साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलंय. उघडा सगळे आवाज. खाली माइकचं चित्र आहे, तांबडं. त्यावर… त्याच्या शेजारचं… तेच. "सर्वांना बोलू द्या".

…आई गं. हो, दोन कोंबडे आहेत. आणि कुणाचं तरी बाळ. आणि ती होडीची मोटर. राहू दे, प्रोफे. तुमच्या वर्गाच्या खिडकीखाली काय शांतता असते? तिथे तर बस थांबते. कागद ठेवा खाली… ठेवा हो. बोला.

…

हां.

…हां, आता कसं. "चे मेंबी" म्हणालात, सगळ्या पोरांच्या माना वर झाल्या बघा. लेकरू म्हटल्यावर कोण वर बघणार नाही. मीसुद्धा बघितलं.

उखळ आणलंत? बरं केलंत. जरा पुढे सरकवा, कुटताना तुमचे नुसते दंड दिसतायत… हां, आता दिसतंय… लिझ रोसानाची आजी मागून डोकावतेय. तिला तुमचं कुटणं पसंत नाही वाटतं, नाही नाही म्हणतेय… अहो, तिच्याशी भांडू नका… बरं, भांडा. पोरं हसतायत. भांडा खुशाल.

…काय म्हणालात त्यांना? प्रत्येकानं जाऊन आपल्या अंगणातलं एक पान आणा?… आत्ता? प्रोफे, अंगणात पाणी आहे त्यांच्या… हो, डब्यांत लावलेली असतील, खरं आहे… गेली. अहो, सगळी गेली. देर्लिसनं होडी वळवली. नुसत्या भिंती आणि खुर्च्या दिसतायत.

प्रोफे. घाबरू नका, पण फ्रेतेस साहेबांची खुर्चीपण रिकामी झाली… नाही, काही बोलले नाहीत. उठले आणि गेले. मला दाराचा आवाज आला, त्यांची खोली इथून दोन दारं सोडून आहे… मला काय माहीत कुठे. त्यांना वाटलं असेल वर्ग फुटला. सगळ्या चौकटी रिकाम्या बघितल्यावर कुणालाही वाटेल… रडू नका हो. लिपस्टिक पसरेल. प्रोफे, माझंच चुकलं, मी आधीच तुम्हाला सांगायला हवं होतं की उठवू नका कुणाला…

थांबा. एक आली. लिझ रोसाना. हातात गवती चहा आहे. अख्खा जुडगाच उपटून आणलाय… आजी पण आलीय, तिच्या हातात वेगळंच काहीतरी… देर्लिस आला, शर्ट भिजलाय त्याचा… आले, सगळे येतायत. पडद्यावर नुसता पाला दिसतोय, चेहरेच दिसेनात. अहो, शेजारपाजारचे पण आलेत. बारा माणसं मोजली मी एका चौकटीत.

…का थांबलात?… कुणाकडे बघताय?… सुनिल्दा? तिच्या हातात… पुदिन्यासारखंच आहे की… मला काय विचारताय, मी बावीस मार्कांची. …तोंडात घालू नकोस म्हणा तिला. मोठ्यानं म्हणा… हां, थांबली. देठ मोडायला लावताय? कॅमेऱ्याच्या जवळ… अजून जवळ आण म्हणा…

…चीक. पांढरा चीक आला.

देवा रे, विषारी. ती चावणार होती हो ते. तिच्या आईनं बघितलंत कसं हिसकावून फेकलं? पाण्यात टाकलं… प्रोफे, तुम्हाला कळलं कसं? वास नाही, हात नाही, बोटभर चित्र आणि त्यात ती पोर हलत होती… पान उलटं केल्यावर? मागची शीर? एवढं दिसलं तुम्हाला, आणि म्हणे यंत्रातून शिकवता येत नाही.

सुनिल्दा रडतेय. तिला काहीतरी बोला… हं… हं… छान बोललात. मी पण नापास झाले त्या वेळी असंच काहीतरी ऐकलं असतं तर पुन्हा परीक्षेला बसले असते.

प्रोफे, बघा. फ्रेतेस साहेब परत आले… आले हो, खरंच. टाय खांद्यावर टाकलाय आणि बुटाला चिखल. हातात… अहो, त्यांच्या हातात फांदी आहे. आपल्या कॉलेजच्या मागच्या अंगणातली. पान आणायला गेले होते ते. तुम्ही सगळ्यांना म्हणालात ना. तुमचेच विद्यार्थी, सवय कुठे जाते.

विचारतायत काय आहे म्हणून… सांगा ना… गवत? नुसतं गवत आहे? अहो, जरा गोड बोला, संचालक आहेत… सांगितलंत. बरं. "बस खाली, फ्रेतेस." अरे देवा. बसले पण.

…लिहितायत काहीतरी. थांबा, मी वाचून दाखवते, अक्षरं बारीक आहेत. लिहिलंय… "सोमवारी किती वाजता, प्रोफे?"

…प्रोफे? ऐकलंत ना? सोमवारी किती वाजता म्हणतायत. विषय चालू, प्रोफे. एकोणीसच्या एकोणीस पोरांचं वर्ष वाचलं… हो, आता रडा. आता रडायला हरकत नाही. मी पण रडतेय इथे, जेवण गार झालं माझं.

…आता शेवटी लाल बटण. उजवीकडे, खाली. दाबलं की संपलं… का नाही दाबत?… पोरं आधी जाऊ देत? हो, तुम्ही दाराशी उभ्या राहायच्या ना, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत… अहो, ती जातच नाहीयेत. तुम्ही थांबलात म्हणून ती थांबलीत. मग असं किती वेळ चालायचं?

…काय?… कोण राहिलं? हजेरीत?… एकोणीस झाले की. आणि साहेब धरून वीस… मी? मी कशी तुमच्या वर्गात असेन, मी तर फोनवर… प्रोफे, मी कर्मचारी आहे इथली… सगळे ऐकतायत, हळू बोला… हसतायत बघा, साहेबसुद्धा हसतायत.

…आत्ता?… आहे ना, कोकूचं झाड आहे मागे, पाण्याच्या टाकीजवळ. रोज त्याच्याखाली उभी राहते मी… हो, तेच ते… पान उलटं करून. मागची शीर. कळलं.

नाही, चुकणार नाही या वेळी. थांबा, बटण दाबू नका. कुणाला जाऊ देऊ नका. ठेवते फोन, प्रोफे, आणते.