माहेरी गेलेल्या बायका

— नाही नाही, कठड्याला टेकू नकोस, सैल झालाय तो, खाली सरळ दरी आहे. ये, अशी इकडे खुर्चीत बस. ढग आत आलेत म्हणून तुला काही दिसत नाही. आणि फोन ठेव तो, खंडाळ्याच्या या बाजूला रेंज येत नाही, उगाच बॅटरी जाते. हां, तर तू लाल दिलास. औषधाच्या चाचण्यांचा आपला आढावा, त्यातली सगळ्यात मोठी चाचणी, आपल्या मावळातली, आणि तिच्यापुढे श्रद्धाबाईंनी लाल खूण केली — पक्षपाताचा धोका जास्त, विश्वास ठेवू नये. वा! मी हिरवा दिला होता. गाईडचा हिरवा, विद्यार्थिनीचा लाल. अगं, रागावलो नाहीये, हसतोय मी. मीच शिकवलं ना तुला — प्रत्येक चाचणी दोघांनी वेगवेगळी तपासायची, एकमेकांना न विचारता, आणि मग मतं जुळतात का बघायचं? शिकवलं. मग आता अशी अंग चोरून का बसलीस? चहा घे.

तुझा मुद्दा कळला मला, न कळायला काय झालं. गरोदर बायकांच्या रक्तदाबाची गोळी. निम्म्या बायकांना खरी, निम्म्यांना खोटी, कुणाला कुठली ते कुणालाच माहीत नाही. शेवटी बघायला गेले तर काही बायका सापडेनात, म्हणून अहवालात लिहिलं, माहेरी गेल्या. त्यात काय चुकलं? पहिलं बाळंतपण आपल्याकडे माहेरीच होतं. भल्याभल्यांनी वाचलं, मान डोलावली, पान उलटलं. तूच एक निघालीस — म्हणे खरी गोळी घेणाऱ्याच एवढ्या माहेरी कशा गेल्या, खोटी घेणाऱ्यांना काय आईबाप नव्हते? चांगलं लिहिलंयस. खरंच चांगलं, मी परत परत वाचलं. पण ही चाचणी बाहेर काढलीस तर आढाव्यात उरतं काय? काही नाही. पुढच्या महिन्यात समिती बसतेय, एकेका आरोग्य केंद्रात ही गोळी जायचीय, आणि तुझी एवढीशी लाल टिकली तिच्या आड येणार? योगायोग नावाची गोष्ट असते गं.

गावं बघितलीस का तू? मी बघितलीत. पाऊस लागला की ओढ्यापलीकडची बाई परत यायची नाही, मोबाइल नवऱ्याकडे, नवरा भुशीला धरणावर कणसं भाजत बसलेला — शोधणार कुठे? आता ती हिराच घे. भाजे गावची. किती शोधली तिला, सासर-माहेर दोन्ही एकाच गावात, हाकेच्या अंतरावर, तरी — काय? हो, बरोबर. अहवालात नावं नसतात. नावं कधीच नसतात. मग मला... ऐकलं असेल गं कुणाकडून, मळवलीला ओळखीचा डॉक्टर होता, तो बोलला असेल. अशी बघू नकोस माझ्याकडे. सल्ला विचारायचे ते लोक मला, इतकंच. चाचणीवर माझं नाव नाही, शोधून बघ, कुठेच मिळणार नाही. सल्ला दिला म्हणून काय चाचणी माझी होते? माझी असती तर मी तपासायला बसलो असतो का? ‘माहेरी’ एवढा एक शब्द सुचवला मी, बाकी काही नाही. रकाना रिकामा ठेवून चालत नाही ना. तिची सासू दारातूनच म्हणाली, ‘न्हाई हितं ती, आता इचारू नगा,’ आणि माझ्या तोंडावर दार लावलं. माझ्या म्हणजे, जो कुणी गेला असेल त्याच्या. आता ह्याला अहवालात काय लिहायचं, तूच सांग. अंगणात तिचं लुगडं वाळत होतं, म्हणजे नुकतीच गेली असणार माहेरी. असंच वाटेल ना कुणालाही?

बरं, ऐक आता. मतं जुळली नाहीत की तिसरा माणूस निकाल देतो, नियमच आहे. तिसरा कोण, ते मी ठरवतो. आपल्या विभागातल्या रुचिरला सांगितलंय, तो पिवळा देईल. देईल म्हणजे — दिलाय. पिवळा झाला की चाचणी आत राहिली, विषय संपला. नाही बाळा, मत विचारायला नाही बोलावलं तुला. उद्या कुणी हटकलं तर म्हणायचं, आम्ही चर्चा केली, मला पटलं. चर्चा झाली ना? ही काय चाललीय मग! तुझा प्रबंध माझ्याकडेच आहे, सही करायचीय मला, तेही मार्गी लावून टाकू. धमकी? मी कशाला धमकी देऊ? लेकीसारखी तू मला. सुजाण मुलगी आहेस, एवढंच म्हणतोय. पटलं ना? मान तरी हलव. — मोठ्यानं बोल, पुटपुटू नकोस. कुणाला?

इराला देईन का ही गोळी? इराचं काय इथे? आवाज खाली कर, आतल्या खोलीत पडलीय ती. पाय सुजलेत जरा. सातवा संपत आलाय. बीपी... असतं गं थोडं वर, सगळ्यांचंच असतं. गोळी? चालू आहे की. म्हणजे पुण्यातल्या तिच्या डॉक्टरांनी हीच लिहून दिली होती, खाजगीत देतात आता, तिनं पाकीट आणलंही होतं. मीच म्हटलं नको. ही नको, जुनीच घे. आणलेल्या सगळ्या मी स्वतः बेसिनमध्ये सोडल्या, एकसुद्धा घरात — ते वेगळं आहे. अगं वेगळं आहे ते! माझी एकुलती एक मुलगी आहे, मी तिला कशी —

...

ऊठ. राहू दे चहा. ड्रायव्हर विक्की सोडणार होता ना तुला लोणावळ्याला? नाही सोडणार तो. रिक्षा मिळाली तर मिळाली, नाहीतर चालत जा. ढगात काय होतंय, रस्त्याची कड सोडू नकोस म्हणजे झालं. तिकडून नाही, बागेच्या बाजूनं जा. आत जायचं नाही. इराला भेटायचं नाही, निरोपसुद्धा घ्यायचा नाही तिचा. काही सांगायचं नाही तिला. ऐकलंस ना? चपला घाल.