बटूची फटाक्यांची शिकवणी

कुत्र्याला धीट करण्याचा उपाय विचारता म्हणून सांगतो. परंतु तो जपूनच अवलंबा. साताऱ्यात असताना आमचा इवलासा बटू दिवाळीच्या पहिल्याच फटाक्यासरशी घर सोडून पळाला आणि तिसऱ्या दिवशी सापडला. म्हणून पुढच्या दिवाळीआधी महिनाभर मी शेजारच्या निवृत्त सुभेदारांना शरण गेलो.

"गुरुजी, भरतीची नवी पोरंबी बंदुकीच्या बाराला अशीच भ्यायची," ते म्हणाले. "आवाज झाला की घास द्यायचा. लय सोपं हाय."

त्यांच्या अंगणात रोज परात वाजू लागली. आधी हलकेच, मग दणदणीत. प्रत्येक ठोक्याला बटूला भाकरीचा तुकडा मिळे.

लक्ष्मीपूजनाला पहिला बार उडाला. मी अंगणाचे फाटक लावायला धावलो. बटू मात्र शेपूट हलवीत सुभेदारांपुढे जाऊन बसला. त्याला तुकडा मिळाला. दुसऱ्या बाराला दुसरा मिळाला. मग साऱ्या पेठेत माळा तडतडू लागल्या.

"बगा गुरुजी, भ्या ऱ्हायलं का कुठं?" सुभेदार मिशीवरून हात फिरवीत म्हणाले.

तेवढ्यात चुलीपासून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "आवं, येक तर पेठेतलं फटाकं बंद करा, न्हाईतर हितं भाकऱ्या थापाया बसा!"