कापूस आन् पोराचे पाय

— मंग बस ना वं स्पृहा, उभी काहून राह्यली? दे तो मोबाइल इकडे. नवव्या महिन्यात पोरगं रांगते, असं लिवलं हाय? लिवू दे. लिवणाऱ्याच्या घरात कापूस नसन भरला. तुह्या घरात पाह्य — सोपा, माजघर, पलंगाखाली, सारा कापूसच कापूस, भाव येईन म्हणून ठेवलेला. पोरगं रांगन कुठं, छतावर? कापसाच्या गंजीवर ठेवलं की रुततेच ते. बाकी तं मस्त हाय — बसते, हासते, माह्या बांगड्या ओढते.

काय? तुह्या नवऱ्यानं, साकेतनं, कापूस न्याले गाडी सांगतली? उद्याचीच? पडत्या भावात सारा कापूस इकते, पोरगं रांगत नाही म्हणून? त्याले कोणं सांगतलं हे — आमच्या ह्यांनी! हाव, ते तं अख्ख्या मुकुटबनले सांगतात. अठरा वर्षं झाले, लग्न असो का तेरवी — 'आमचा मंदार सव्वा वर्षाचा झाला तरी चालेना, मी कापूस इकला, घर मोकळं केलं, आन् आठव्या दिवशी पोरगं चाललं!' ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येते. माह्याई येते एखाद्या वेळी.

आता, चाललं हे खोटं नाही. पण — कोणाले सांगू नको बरं — त्या वर्षी पाच महिने कापूस घरात. अंगाले खाज, भाकरीत कापूस, निजाले जागा नाही. मी म्हणो इका, हे म्हणत थांब. बाईच्या खाजेसाठी कोणी कापूस इकते का? पोराचं नाव घेतलं की ऐकतात. मी म्हणलं, भुई मोकळी केल्याबिगर चालणार नाही तो. आन् दोनच दिवसांनी चूल पेटवून राह्यली होती, वळून पाह्यतो तं मंदार गंजीवर उभा! तीन पावलं टाकली बाप्पा. मी काय केलं? खाली बसवलं त्याले. हाव, बसवलं. हे घरात आले की मांडीवर दाबून धरो — कापूस जाईपर्यंत. तुह्या मोबाइलमधे असन का तसल्या मायचा रकाना?

पुढच्याच महिन्यात भाव चढला. घाटा झाला, तरी हे पोराले खांद्यावर घेऊन गावभर फिरले.

म्हणून म्हणतो, गाडी थांबव. साकेतले सांग, ह्या रजनीकाकूच्या ओट्यावर रांगलं म्हणा — हातभर. मी पाह्यलं म्हणून सांगन. आता खोटं कसं? रांगन ना आज-उद्या. रोज इकडं आणून सोडत जाय त्याले फरशीवर. महिन्याभरात नाही सरकलं तं मी सोता येतो तुह्यासंगं यवतमाळले, डॉक्टरकडं —

थांब, फाटक वाजलं. हे आले. उचल पोराले, उचल लौकर — कडेवर घे. नाही सरकलं तं साकेतले जाऊन सांगतीन. ह्यांच्यासमोर खाली ठेवू नको.