चादरीवर डाग नव्हता

जबाब देणार: लाँड्रीवाल्या काकू, याच नावाने सर्वत्र ओळख. वय ५८ वर्षे. धंदा कपडे धुलाई व इस्त्री. राहणार कापड बाजाराच्या मागची गल्ली, लाँड्रीच्या वरचा मजला.

मी आज दुपारी आपणहून पोलीस ठाण्यात येऊन, विचारलेले व न विचारलेलेही सांगते ते असे की,

वरील ठिकाणी आमची लाँड्री असून यजमान वारल्यापासून ती मी चालवते. घरात मी, मुलगा व सून राहतो. मुलगा टेम्पोने हॉटेलांचे कपडे आणतो व पोचवतो. सून कपड्यांना खुणेच्या चिठ्ठ्या लावते, बटणे लावते, फाटके शिवते. इस्त्रीला एक माणूस आहे. कपडे कडक करतो म्हणून गल्लीत त्याला कडकदादा म्हणतात, स्वभावाने मात्र मऊ आहे. मला माणसांची पारख आहे. चहाचा डाग कोणता, गंजाचा कोणता आणि रक्ताचा कोणता हे मी लांबून सांगते. गिऱ्हाईक म्हणते शाई सांडली, मी म्हणते खोटे बोलू नका. जिथे काही घडते तिथे डाग राहतो, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

माझी तक्रार माझ्या धाकट्या दिराविरुद्ध आहे. तो शाळेची गाडी चालवतो आणि फावल्या वेळात लोकांच्या घरात निघालेले साप पकडून बाहेर सोडतो. त्याचे काही घेत नाही म्हणतात. फुकट राबणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही कपड्यांची गाठोडी ठेवतो. ती खोली त्याला गाडीचे सामान ठेवायला हवी होती. मी नाही म्हटले. तेव्हापासून तो त्यावर अवाक्षर बोललेला नाही, आणि गप्प बसणाऱ्याच्या मनात काय शिजते ते कळत नाही.

काल दिवेलागणीच्या वेळी त्या खोलीत चादरींच्या गाठोड्यामागून साप निघाला. कडकदादाने तारेचा हँगर फेकून मारला. तो सापाला लागून शेपटीचे टोक सोलले. सुनेने मला न विचारता दिराला फोन केला, हे मी मनात ठेवले. दिराने येऊन लोखंडी आकड्याने साप उचलला व झाकणाला भोके असलेल्या प्लॅस्टिकच्या बरणीत घातला. सापाच्या अंगावर पांढरट आडवे पट्टे होते. मी म्हटले, हा मण्यार, विषारी. तो म्हणाला, हा कवड्या, बिनविषारी. कशावरून, असे मी विचारले. तो म्हणाला की याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार असता तर उलटे असते, मानेजवळ पट्टे नसते आणि शेपटीकडे दाट होत गेले असते. मला हे पाठ करून आल्यासारखे वाटले. साप कुठे सोडणार तेही त्याने सांगितले नाही. जाताना दारात थांबून तो आणखी काहीबाही बोलला. त्याचा इथे संबंध नाही.

रात्री मी वर झोपले. मुलगा माल घेऊन परगावी गेला होता. सून मागच्या खोलीत सतरंजीवर झोपली. ती जमिनीवर का झोपली असे हवालदार साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, गेल्या पंधरवड्यात हॉटेलच्या उशांचे सहा अभ्रे कमी भरले होते. मागच्या दाराची एक किल्ली कडकदादाकडे असते. माझा त्याच्यावर संशय होता. म्हणून गाठोड्यांवर लक्ष ठेवायला मी सुनेला तिथे झोपायला लावले होते. साप निघाल्यावर तिने, आजच्या दिवस वर झोपू का आई, असे विचारले होते. त्यावर, साप बिनविषारी होता ना, मग कसली भीती, असे मी म्हटले. दिराच्या शब्दावर मी त्या वेळी विश्वास ठेवला का, असे हवालदार साहेबांनी विचारले. सुनेला सांगण्यापुरता ठेवला.

आज सकाळी साडेसहाच्या सुमारास मी खाली आले. सून उठलेली नव्हती. पोटात दुखते म्हणाली. मोठा माल धुवायला आला की हिचे काही ना काही दुखतेच, असे मी तिच्या तोंडावर बोलले. ती नाकात बोलत होती. पापण्या अर्ध्याच उघडत होत्या. मुलाला परगावी पाठवले म्हणून रात्रभर रडली असेल असे मला वाटले. मी पाणी दिले ते तिला गिळता आले नाही, ओठातून बाहेर आले. झोपेत दंडाला मुंगी चावल्यासारखे झाले, असे ती म्हणाली. मी दंड पाहिला. सूज नव्हती, लाली नव्हती. मग तिची चादर काढून खिडकीच्या उजेडात धरली, उलट सुलट करून पाहिली. चादरीवर डाग नव्हता. रक्ताचा ठिपकासुद्धा नव्हता. साप चावला असता तर डाग पडला असता, आणि पडला असता तर तो माझ्या नजरेतून सुटला नसता. ही कामचुकारी आहे असे ठरवून मी मशीन लावायला गेले.

आठच्या सुमारास कडकदादा आला. तोपर्यंत सुनेचे डोळे पूर्ण मिटले होते. हाका मारल्या तरी ओ देईना. मी तिच्या उशाशी उभी राहून कडकदादाला म्हटले,

"झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही."

आणखीही बोलले. तिच्या आईने तिला काय वळण लावले ते काढले. ते सगळे लिहू नये.

कडकदादाने तिला खांद्याला धरून बसवले, तर तिची मान मागे पडली. तो म्हणाला, "काकू, हे सोंग नाही. मान धरत नाहीये ती." त्याने दिराला फोन केला. दीर शाळेत मुलांना सोडून रिकामी गाडी घेऊन आला. दोघांनी तिला उचलून दवाखान्यात नेले. मी मागे बसले होते. तिचे डोके माझ्या मांडीवर होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून, ही मण्यार चावल्याची लक्षणे आहेत असे सांगितले व विषावरचे औषध सुरू केले. तिला स्वतःहून श्वास घेता येईना, म्हणून नळी घालून मशीनवर ठेवले. मण्यार हा शब्द ऐकला आणि मला सगळा उलगडा झाला. दिराने काल पकडला तो मण्यारच होता, आणि माझे बरोबर होते. तो त्याने रात्री परत आणून मागच्या खोलीत सोडला. आम्ही घाबरून खोली रिकामी करू असा त्याचा हिशोब असणार. मागच्या दाराची किल्ली कडकदादाकडे आहे आणि दोघांची ऊठबस आहे. म्हणून मी सुनेजवळ न थांबता सरळ इकडे आले. इथवर मी हवालदार साहेबांना दुपारी सांगितले.

त्यानंतर हवालदार साहेब दीर व कडकदादा यांना घेऊन लाँड्रीत जाऊन आले. मला इथेच बाकावर बसवले होते. परत आल्यावर त्यांनी टेबलावर दोन बरण्या व कापडाचा एक बोळा ठेवला. पहिली बरणी दिराच्या घरून आणली. साप सकाळी लांब नेऊन सोडायचा होता, पण सकाळ दवाखान्यात गेली, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या बरणीतला साप त्यांना मागच्या खोलीत लाकडी मांडणी आणि भिंत यांच्या फटीत सापडला. दोन्ही दिरानेच आणून ठेवले नसतील कशावरून, असे मी म्हटले. हवालदार साहेब रागावले नाहीत. काकू, तुमची नजर चांगली आहे म्हणता ना, मग बघा, एवढेच ते म्हणाले.

मी चष्मा पुसून पाहिले. पहिल्या बरणीतल्या सापाचे शेपटीचे टोक सोललेले आहे. तो कालचाच आहे. रंग तपकिरी, मानेजवळचे पट्टे ठळक, शेपटीकडे धुतल्यासारखे विटलेले. दुसरा काळा, तेल लावल्यासारखा चकचकीत. मानेजवळ पट्टे नाहीत. मग बारीक पांढऱ्या रेघा सुरू होतात, दोन दोन जवळ जवळ, आणि शेपटीकडे दाट होत जातात. शेजारी शेजारी ठेवल्यावर कोणालाही कळेल. दीर काल जे बोलला तसेच आहे.

मग मी कापडाचा बोळा उलगडला. ते हॉटेलचे सहा अभ्रे होते. सुनेने लावलेल्या चिठ्ठ्या तशाच होत्या. मांडणीवरून मागे घसरले असावेत. त्यांच्यात सापाची धूळ बसलेली वाळलेली कात होती, आणि तिच्या पाठीच्या मधोमध दुसऱ्या बरणीतल्या सापासारखीच मोठ्या खवल्यांची ओळ आहे. अभ्र्यांच्या घडीच्या रेषेवर धूळ मुरून पिवळा पट्टा पडला आहे. असा डाग एका रात्रीत पडत नाही, दहा बारा दिवस कापड एका जागी पडून राहावे लागते. हे मी माझ्या धंद्याच्या माहितीवरून सांगते. म्हणजे अभ्रे कोणी चोरले नव्हते, आणि तो साप कोणी काल आणून ठेवला नव्हता. तो तिथे आधीपासून राहत होता आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर मी सुनेला पहाऱ्याला झोपवले होते.

दीर दारात काय बोलला होता, असे हवालदार साहेबांनी पुन्हा विचारल्यावरून सांगते. माझ्या लक्षात शब्द न् शब्द आहे. भाऊजी म्हणाले,

"वहिनी, हा कवड्या आहे, पण असल्या सापांना मण्यार खातो. तो याच्या मागावर आत आलेला असू शकतो. आज कुणाला खाली झोपू देऊ नका. तो चावला तर दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसत नाही. सकाळी कुणाच्या पापण्या जड वाटल्या तर क्षणभर थांबू नका."

खोली रिकामी करायला लावण्याचा हा डाव आहे असे मला वाटले. म्हणून मी ते कोणालाच सांगितले नाही. सुनेलाही नाही. सकाळी तिच्या पापण्या पाहताना मला ते आठवले होते. तरी मी आधी चादर पाहिली.

आणखी एक गोष्ट मी दुपारी सांगितली नाही. दवाखान्यात मी खाटेजवळ उभी असताना डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, "जपून बोला. त्या शुद्धीवर आहेत. डोळे उघडत नाहीत, बोट हलत नाही, पण त्यांना सगळं ऐकू येतंय. सकाळपासून येत असणार." त्यानंतर मला त्या खोलीत उभे राहवले नाही. मी इकडे आले त्याचे खरे कारण हे आहे. कोणाचा तरी गुन्हा सापडला असता तर बरे झाले असते.

भाऊजींविरुद्ध व कडकदादाविरुद्ध माझी काही तक्रार नाही. भाऊजी बाहेर उभे आहेत, मला दवाखान्यात सोडायला. मी त्यांना जा म्हटले नाही. मुलगा परगावहून थेट तिकडे पोचला आहे, तसा त्याचा फोन आला. औषध वेळेवर गेले असते तर मशीन कदाचित लागले नसते, असे डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितले. वेळ कोणी घालवला ते अजून त्याने विचारलेले नाही. चार सहा दिवसांत पापण्या उघडतील अशी डॉक्टरीणबाईंना आशा आहे.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. सोंगाची ओळ तेवढी काढा असे मी म्हटले. बोललेले काढता येत नाही असे ते म्हणाले. तर राहू द्या. याची एक प्रत मला मिळावी. ती मी सुनेच्या उशाशी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार आहे, ही ओळसुद्धा. जबाब मी ऐकला आणि खाली सही केली आहे. पण तो बरोबर आहे असे मी लिहून देत नाही. ते ती डोळे उघडल्यावर सांगेल.